खिडकीमागील माणसाचा अधिकार

मुक्त विद्यापीठाची ओळख करून देताना आपण बहुधा प्रवेशाच्या खुलेपणाविषयी बोलतो. नोकरी सोडावी लागत नाही, संसार बाजूला ठेवावा लागत नाही, शिक्षणात पडलेला खंड आड येत नाही, हे सारे खरेच आहे. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले, तेही याच भूमिकेतून. परंतु ही गंगा घरापर्यंत पोहोचवणारा जो शेवटचा दुवा आहे, त्या अभ्यासकेंद्रातील कर्मचाऱ्याविषयी विचार क्वचितच होतो. त्याच्याविषयीच्या प्रशासकीय धोरणात मोठी उणीव आहे, असे मला वाटते. या कर्मचाऱ्यावर जबाबदारी पूर्ण टाकली जाते, निर्णयाचा अधिकार मात्र फारच थोडा दिला जातो.

अभ्यासकेंद्रांची रचना प्रथम लक्षात घेऊ. मुख्यालय, विभागीय केंद्र आणि अभ्यासकेंद्र अशी ही उतरंड आहे. अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या प्रस्थापित महाविद्यालयातच चालते. तेथील प्राध्यापक केंद्र संयोजक किंवा संमंत्रक होतात, तेथीलच लिपिक प्रवेशअर्ज आणि परीक्षेची कागदपत्रे पाहतो. हे काम ते आपली मूळ नोकरी सांभाळून, मानधनावर आणि पुष्कळदा रविवारी करतात. स्वतंत्र इमारती न बांधता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचायचे तर ही व्यवस्था शहाणपणाची होती, यात शंका नाही. मात्र अंशकालिक मनुष्यबळ स्वीकारताना त्याच्या कामाचे नियम अधिक स्पष्ट असावे लागतात. तसे ते नसतील, तर कामाचे सारे ज्ञान एका व्यक्तीच्या स्मरणात साठते. ती व्यक्ती निवृत्त झाली की केंद्राला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. विवाहानंतर अनेक वर्षांनी शिक्षणाकडे वळलेल्या स्त्रीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते, आधारपत्रावर सासरचे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून किंवा राजपत्रातील नोंदीवरून पडताळता येते. हे काम काही मिनिटांचे आहे. पण अशी पडताळणी करून अर्ज पुढे पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे लिपिकाला कोणी लेखी दिलेले नसेल, तर तो जोखीम पत्करत नाही. ‘विभागीय केंद्रात विचारा’ असे तो सांगतो, आणि त्याच्या जागेवरून पाहिले तर ते चूकही नाही. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्या एका वाक्यामुळे विद्यार्थिनीची रजा, प्रवासखर्च आणि कधीकधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पणाला लागते. शिकण्यास घरातून जेमतेम संमती मिळालेली असेल, तर ती पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. अधिकार खाली दिले तर प्रत्येक केंद्र आपापला नियम लावील आणि गैरप्रकारांना वाव मिळेल. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. दूरशिक्षणात केंद्रांच्या नावाखाली पदव्यांचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी मक्ताधारी पद्धतीच्या केंद्रांना मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण गुणदान, परीक्षा व पदवी यांविषयीचे निर्णय वेगळे आणि नावातील फरक पडताळणे, राहिलेला कागद मुदतीत स्वीकारणे किंवा संपर्कसत्राची वेळ बदलणे वेगळे. पहिल्या प्रकारात केंद्रीकरण आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारात ते केवळ विलंबाचे कारण ठरते. दिलेल्या अधिकाराची नोंदवही ठेवली आणि विभागीय केंद्राने तिची ठरावीक काळाने तपासणी केली, तर एकसूत्रीपणाही टिकतो.

सर्व कामकाज ऑनलाइन झाल्यावर या माणसाची गरजच काय, असेही विचारले जाते. अर्ज संगणकावर गेला, हे खरे. मात्र अर्ज नाकारला गेल्यावर त्याचे कारण समजावून सांगणारा माणूस लागतोच. किंबहुना ज्यांचे अर्ज सुरळीत होतात ते आता केंद्रात येत नाहीत; येतात ते अडलेलेच. त्यामुळे खिडकीवरचे काम संख्येने कमी झाले असले, तरी अधिक कठीण झाले आहे.

म्हणून धोरणात तीन गोष्टी असाव्यात. केंद्र कोणते निर्णय स्वतः घेऊ शकते, याची लेखी यादी असावी. पदभार सोडताना प्रलंबित प्रकरणांची टिपणी पुढील व्यक्तीकडे सोपवणे बंधनकारक असावे. तिसरी गोष्ट, रविवारच्या कामाचे तास निश्चित असावेत आणि त्या तासांचे मानधन वेळेवर मिळावे. कारण सेवाभावाच्या भरवशावर कोणतीही व्यवस्था फार काळ चालत नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा, तिची मुदत आणि जबाबदार अधिकारी ही माहिती सूचनाफलकावर लावण्याची पद्धत घालून दिली आहे. अभ्यासकेंद्राच्या फलकावरही ‘संबंधितांनी कार्यालयाशी संपर्क साधावा’ या संदिग्ध वाक्याऐवजी कोणते काम, कोणाकडे आणि किती दिवसांत, हे सोप्या मराठीत लिहिलेले असावे.

नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याला शंका आली तर वर्गमित्र असतो, शिक्षक असतो, ग्रंथपाल असतो. दूरस्थ विद्यार्थ्याला पुस्तिकेखेरीज या केंद्राचाच आधार असतो. तेथील कर्मचाऱ्याला अधिकार देणे ही त्याच्यावरील मेहेरबानी नव्हे. प्रवेश देताना विद्यापीठाने जे आश्वासन दिले, ते पाळण्याची ती पहिली अट आहे.