वॉर्डातले तीन पाटील

परवा करळ फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, डावीकडेही ट्रेलर. न्हावा शेवाच्या बाजूला राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. टाइमपास म्हणून समोरच्या कंटेनरवरचा नंबर वाचत बसले. चार अक्षरं, सात आकडे. गाडी चालवणारा माझा मित्र एका सीएफएसमध्ये, म्हणजे पोर्टाबाहेरच्या कंटेनर गोदामात डॉक्युमेंटेशनला आहे. तो म्हणाला, "शेवटचा आकडा बघ, चौकटीतला. तो नंबर नाहीच. तो वॉचमन आहे."

भानगड अशी आहे. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं कंटेनरच्या प्रकाराचं, मग सहा आकडे त्या डब्याचा अनुक्रमांक. सातवा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला असतो. टाइप करताना कुणी ५ च्या जागी ६ मारला की हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथे म्हणतो, साहेब, चुकलात! जगभर हाच नियम. २०२४-२५ या वर्षात आपल्या या बंदरातून वीस फुटी डब्याच्या हिशोबाने ७० लाखांहून जास्त कंटेनरांची ये-जा झाली. शिवाय २०१६पासून इथे कंटेनरांवर आरएफआयडी टॅग लावायला सुरुवात झाली. डबा कुठल्या गेटातून कधी बाहेर पडला, हे मालकाला ऑफिसात बसून कळतं.

"म्हणजे डबा हरवत नाही?" मी विचारलं.

"हरवतो की. पण दुसऱ्याचं नाव लावून फिरत नाही."

आणि मला एकदम बाबा आठवले.

गेल्या वर्षी बाबांचा पाय फ्रॅक्चर झाला म्हणून त्यांना अॅडमिट केलं होतं. हॉस्पिटलचं नाव जाऊ दे. आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात आडनावं किती? पाटील, घरत, म्हात्रे, ठाकूर, कोळी, भोईर... यादी लांबत नाही. त्या वॉर्डात तीन पाटील होते. संध्याकाळी एक नवीन सिस्टर ट्रे घेऊन आली. "पाटील काका ना?" बाबा म्हणाले, "हो." आता पाटील तर ते आहेतच! ट्रेमध्ये इन्सुलिन होतं. बाबांना शुगर नाही. सुई टोचणार इतक्यात मागून इन-चार्ज सिस्टरचा आवाज आला, "हातातला बँड वाचलास का गं?"

सहा बेड पलीकडचे पाटील शुगरवाले होते. शुगर नसलेल्या माणसाला इन्सुलिन दिलं तर रक्तातली साखर धाडकन खाली येते. माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्याहून वाईटही होऊ शकतं. आणि मी काय करत होते? शेजारच्या स्टुलावर बसून मोबाइलवर मेसेज टाइप करत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

माझी मावसबहीण नवी मुंबईतल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, गेली बारा वर्षं. रात्री तिला फोन लावला आणि त्या नवीन सिस्टरच्या नावाने जाम बडबड केली. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं बोलून? ती मुलगी त्या दिवशी किती पेशंट बघत होती, ते विचारलंस का? थकलेला माणूस चुकणारच. ती चूक पेशंटपर्यंत पोचू न देणारं काही मध्ये होतं का, हा खरा प्रश्न आहे."

तिच्याकडे ते 'काही' आहे. औषध देताना आधी पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करायचा, मग औषधाचा. पेशंट, औषध, डोस, वेळ यातलं काही जुळलं नाही की स्क्रीन लाल. आपल्या कंटेनरचा सातवा आकडाच म्हणा ना! आणि ही आयडिया कुणाची, माहितीये? एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबाची नाही, एका नर्सची. अमेरिकेत टोपेका गावी माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात स्यू किनिक नावाची नर्स होती. १९९२मध्ये भाड्याची गाडी परत करताना तिने पाहिलं की तिथला माणूस हातातल्या स्कॅनरने दोन सेकंदांत गाडीची नोंद करतोय. तिच्या मनात आलं, गाडीसाठी हे होतं, तर पेशंटसाठी का नाही? तिथून ही पद्धत सुरू झाली, आणि पुढे माजी सैनिकांच्या देशभरातल्या हॉस्पिटलांत पोचली. २०१०मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलातला अभ्यास छापून आला. बारकोडमुळे तिथे औषध देताना होणाऱ्या चुका (वेळेचा उशीर सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या.

म्हणजे मशीन आणलं की झालं? ताई हसली. म्हणाली, "मशीनला गंडवायला आम्ही बसलोच आहोत!" खरंच. २००८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नर्सेस स्कॅनरला कशी बगल देतात याची यादी केली, तेव्हा १५ प्रकार सापडले. पेशंटच्या बँडची जादा प्रिंट काढून ती दुसरीकडेच चिकटवायची आणि तिथेच स्कॅन करायची, हा त्यातला एक. पण त्याच संशोधकांना अशा पळवाटांमागे ३१ कारणंही सापडली. चुरगळलेला बँड, न वाचता येणारा बारकोड, संपलेली बॅटरी. आळस म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

यातली भयंकर गोष्ट नॅशव्हिल शहरातली. डिसेंबर २०१७मध्ये तिथल्या एका नर्सने औषधाच्या कॉम्प्युटराइज्ड कपाटात नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. तिला हवं होतं भीती कमी करणारं औषध. ते त्या नावाने यादीत दिसलं नाही, म्हणून तिने ओव्हरराइड केलं आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारं दुसरंच औषध बाहेर आलं. स्नायू लुळे पाडणारं. पेशंट बाई गेल्या. २०२२मध्ये कोर्टाने त्या नर्सला दोषी ठरवलं. ओव्हरराइडचं बटण आपण ऑफिसात दिवसातून किती वेळा दाबतो? 'ओके', 'ओके', 'आय अॅग्री'. आपल्याकडे फार तर एक्सेल शीट बिघडते.

म्हणूनच आता कॉम्प्युटर येणं आणि माहितीचं काम येणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. दुसरीला नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने १९९२मध्येच त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१मध्ये आलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात हा विषय पहिल्याच वर्षी आहे. आणि खरं तर यात परकं काही नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. पण याच बाईंनी १८५८मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवून दिलं होतं की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त मेले.

ताईच्या भाषेत हा विषय फार सोपा आहे. "आठचा बीपी आठलाच टाकायचा. ओव्हर द्यायच्या वेळी सगळे एकदम नाही." (ओव्हर देणं म्हणजे पुढच्या शिफ्टला चार्ज देणं.) का? तर एकटा आकडा गप्प असतो, ओळीत बसला की बोलायला लागतो. नाडी ८८, मग ९६, मग ११०. श्वास १८, मग २२, मग २५. पेशंट म्हणतोय मी बरा आहे, पण आकडे म्हणतायत डॉक्टरला बोलवा. ब्रिटनमध्ये २०१२पासून अशा सहा नोंदींना मार्क देऊन धोक्याची बेरीज करायची पद्धत आहे. पण नर्सने मागची नोंद कॉपी करून 'नॉर्मल' टाकलं, की जगातलं सगळ्यात भारी सॉफ्टवेअरसुद्धा आंधळं.

आणि सगळंच बंद पडलं तर? हा धडा न्हावा शेवाने घेतलाय. २७ जून २०१७ला नोटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क कंपनीची सिस्टिम जगभर झोपवली, आणि इथलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनलही अडकलं. कुठला डबा कुठे आहे, हे सांगणारा कॉम्प्युटरच गप्प! २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथलं काम सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चाललं. डबा दोन दिवस थांबू शकतो. दुपारी दोनचं अँटिबायोटिक थांबत नाही. ताईच्या काउंटरच्या खणात कोऱ्या चार्टांचा एक गठ्ठा कायम असतो. नवीन मुलींना ती स्कॅनर शिकवते आणि त्याच आठवड्यात स्कॅनर बंद करून हातानेही चार्ट भरून घेते. "लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधायची नसते," असं तिचं म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही नर्स नाही, आम्हाला हे कशाला? बॉस, तुमच्यातले कितीतरी जण ऐरोली-महापेला बसून याच स्क्रीन बनवता. एकदा एखाद्या वॉर्डात परवानगी काढून नाइट ड्यूटी बघून या. ग्लोव्ह घातलेल्या हाताने सात क्लिक करून बघा. ताईच्या हॉस्पिटलात औषधाच्या डोसचा रकाना आणि वेळेचा रकाना शेजारी-शेजारी, एकाच रंगाचे होते. तिने चार वेळा तक्रार केली, तेव्हा एकाचा रंग बदलला. या बदलाची बातमी कुठेच छापून आली नाही. पण तेही इन्फॉर्मेटिक्सच. मशीनचं ऐकायचं आणि मशीन चुकतंय हे ठणकावून सांगायचंसुद्धा.

बाकीच्यांसाठी एवढंच की पुढच्या वेळी कुणाच्या उशाशी बसाल तेव्हा मोबाइल खाली ठेवा. सिस्टर बँड वाचत असेल, पूर्ण नाव विचारत असेल तर "किती वेळा तेच तेच!" म्हणून वैतागू नका. आणि ती विचारत नसेल तर तुम्ही सांगा.

मागच्या महिन्यात बाबांना चेकअपला नेलं होतं. रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरने विचारलं, "पाटील ना?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी केस पेपर पुढे केला आणि म्हणाले, "पाटील पुष्कळ आहेत बाई. पूर्ण नाव वाचून बघा, मग टोचा."