स्वागतगीताला आठ मुली पाठवा

"स्वागतगीताला आठ मुली पाठवा. आवाज थोडा कमी असला तरी चालेल, पण दिसायला जरा नीटनेटक्या हव्यात."

मैत्रिणींनो, हा निरोप मला वर्षभर येत होता. मी मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवते. गाव मिरजेपासून एसटीने पाऊण तासावर. शाळेचं नाव लिहीत नाही. कुठल्याही शाळेचं घातलं तरी पुढचा मजकूर फारसा बदलणार नाही.

जून २०२३ मध्ये मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. आठवी ब चा संगीताचा तास खरोखर झाला की पहिल्यात एक रेघ. मुलींना कुणा पाहुण्यापुढे गायला उभं केलं की दुसऱ्यात एक रेघ. एप्रिल २०२४ ला मोजलं, तर पहिल्या रकान्यात ११ रेघा आणि दुसऱ्यात १९. वेळापत्रकात आठवड्याला एक तास आहे बरं का! तो गणिताला जातो, शिष्यवृत्तीच्या जादा अभ्यासाला जातो, आणि कधीकधी स्वागतगीताच्या तयारीलाच जातो. म्हणजे गाण्याचा तास गाण्यानेच खाल्ला.

हे १९ पाहुणे कोण होते? संस्थेचे पदाधिकारी, बँकेचे संचालक, वह्या वाटायला आलेले एक उद्योजक, दोन पक्षांचे पुढारी (वेगवेगळ्या दिवशी). पाहुणे व्यासपीठावर खुर्चीत. मुली खाली कोपऱ्यात, आईच्या किंवा मावशीच्या साडीत, कमरेला भरमसाट पिना लावून. तोंड पाहुण्यांकडे, त्यामुळे समोर बसलेल्या शाळेला त्यांच्या अर्ध्या पाठीच दिसतात. गाणं चालू असताना पाहुणे शेजारच्याशी बोलत असतात. नंतर भाषणात न चुकता म्हणतात, "या लेकींच्या कंठात सरस्वती आहे." एकानेही कधी विचारलं नाही, बाळांनो, हा राग कोणता?

यातली एक गंमत सांगते. याच संस्थेची मुलांची शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. तिथे लेझीम आहे, ढोलताशा आहे, संध्याकाळी त्यांचा सराव पार बाजारापर्यंत ऐकू येतो. पण त्या शाळेत पाहुणे आले की स्वागतगीताला मुली आमच्याकडून जातात. चहाच्या कपबशा शेजारणीकडून मागून आणाव्यात तशा. मी एकदा विचारलं, तुमची मुलं का गात नाहीत? उत्तर आलं, "मुलांचं गाणं बरं दिसत नाही हो बाई."

बरं दिसत नाही! म्हणजे प्रश्न ऐकण्याचा नव्हताच.

आमच्या मुख्याध्यापिकाबाई मनाने वाईट नाहीत. त्या म्हणतात, "अहो, तेवढंच मुलींना व्यासपीठ मिळतं. घरात कोण गाऊ देतंय?" यातलं दुसरं वाक्य खरं आहे, म्हणून पहिलं मला जास्त बोचतं. जिला घरी गळा मोकळा करता येत नाही, तिला शाळेतही 'हळू, गोड, हसरा चेहरा ठेवून' एवढंच शिकवायचं? ताटात अक्षता आणि कुंकू घेऊन उभं राहणं आणि गाणं, ही दोन कामं एकाच मुलीला एकाच वेळी कशी दिली जातात, याचा विचार करून पाहा. पाहुणचाराचं काम लहानपणापासून अंगवळणी पाडायची ही रीत आहे. गाणं त्यातलं एक ताट.

या मुलींना गाता येत नाही असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबरात आमच्याकडे हादगा झाला. पुण्याकडे भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती काढला, मुलींनी फेर धरला. माईक नाही, ट्रॅक नाही, पाहुणे नाहीत. सासूच्या, नणंदेच्या, वेड्या नवऱ्याच्या त्या जुन्या तक्रारी मुली अशा काही खणखणीत गात होत्या की मी बाजूला उभी राहून ऐकतच राहिले. स्वागतगीताला ज्यांचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत पोचत नाही, त्याच या मुली. स्वागतगीत मोबाइलवरच्या ट्रॅकवर चालतं आणि त्याची पट्टी त्यांच्या गळ्याला बसत नाही. हादग्यात त्यांनी आपली पट्टी आपण घेतली. एवढाच फरक.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती. आठवी ब मध्ये एक मुलगी आहे. तिचे आजोबा भजनात पखवाज वाजवतात. ती त्यांच्या मागे बसून शिकली. कुणी शिकवलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. शाळेच्या कपाटात तबला-डग्गा कुलपात होता, तबल्याची पुडी फाटलेली. मी मिरजेला नेऊन नवी घालून आणली, खर्च माझाच. मधल्या सुट्टीत ती वाजवायला लागली. दोन महिन्यांत तिचा ठेका इतका पक्का झाला की मी गाताना मागे वळून पाहायची गरज उरली नाही. संमेलनात समूहगीताला साथ तीच करणार असं मी ठरवलं, तिलाही सांगितलं.

संमेलनाच्या चार दिवस आधी कळलं की तबल्याला बाहेरून एक सर बोलावले आहेत, पैसे देऊन. "मुलगी मांडी घालून तबला बडवतेय, बरं दिसेल का? पाहुणे मोठे आहेत." तिला हाराचं तबक दिलं. ती तबक घेऊन व्यासपीठावर गेली, तेव्हा तबल्यापासून दोन हातांवर उभी होती.

आणि मी काय केलं? मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की." मला माहीत होतं की आमच्याकडे नववीला संगीत नाही. मी तासाच्या मानधनावर आहे, मे महिन्याचा पगार नाही, जूनला बोलावतील याची खात्री नाही. म्हणून मी गप्प बसले. हे इथे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

पण माझी ही स्थिती फक्त आमच्या संस्थेने केलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच सहावी ते आठवीत शंभरावर विद्यार्थी असतील, तर कलाशिक्षणासाठी 'अंशकालीन' निदेशक नेमावा असं लिहिलेलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलांना शाळेत मानाचं पान मांडलं होतं. प्रत्यक्षात वाढप्याला अर्धवेळच ठेवलं. अर्धवेळ बाई भांडणार कशी?

हे सगळं कुठे घडतं, तर मिरजेच्या आसपास! सतार-तंबोरे जिथे घडतात, विष्णु दिगंबर पलुस्कर जिथे बाळकृष्णबुवांकडे शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले. त्यांच्याच लेक हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या गायिकांत त्यांचं नाव घेतात. लोकांनी पैसे मोजून, गप्प बसून बाईचं गाणं ऐकावं, ही गोष्ट त्या पिढीने घडवून आणली. आणि आम्ही त्यांच्या गावाजवळ मुलींना बोलणाऱ्या पाहुण्यांपुढे फुकट उभं करतो. तबल्याचं म्हणाल, तर मुंबईच्या आबान मिस्त्री एकल तबला वाजवत होत्या, तबल्या-पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये बायकांचा वाद्यवृंदच उभा केला. मांडी घालूनच वाजवतात त्या.

पालकसभेत मी एका आईला म्हटलं, मुलीला परीक्षेला बसवा. ती म्हणाली, "बसवा की. स्थळ बघताना लिहिता येईल." शेजारची दुसरी लगेच म्हणाली, "आणि लग्नानंतर कोण विचारतंय? मी विशारदपर्यंत गेले होते. पेटी माळ्यावर आहे." सगळ्या हसल्या. तीही हसली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी संस्थेला अर्ज दिला. आठवड्याचा संगीताचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. नववी-दहावीला मधल्या सुट्टीत का होईना, तबला-पेटीचं कपाट उघडं ठेवावं. स्वागतगीत हवंच असेल तर मुलांच्या शाळेने आपली मुलं उभी करावीत आणि आमच्याकडे साथीला मुलगीच बसेल. अर्जाची पोच मागितली. शिपाईदादांनी शिक्का मारून दिली.

उत्तर लेखी आलं नाही, फोन आला. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं वाटायला पाहुणे येणार आहेत, आठ मुली तयार ठेवा. मी विचारलं, तबल्यावर कोण? पलीकडून म्हणाले, ते आम्ही बघू. मग मी गाणं बसवणार नाही, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेच कागदावर लिहून दिलं. त्याचीही पोच घेतली आहे. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे आहे. त्या मुलीला मी सांगून ठेवलंय, नववीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ये.