हिरकणीच्या तालुक्यात बाटली कशाला?

मैत्रिणींनो, मे महिना लागला की मुंबई-पुण्याच्या लेकीसुना तान्ह्या बाळांना घेऊन महाड-पोलादपूरला येतात. कुणी रायगड बघायला जातं, कुणी आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला. झबली, टोपरी, खुळखुळा सगळं पिशवीत असतं. दूध मात्र बाटलीत! का, तर "चारचौघांत पाजायचं कसं?"

खरी मेख इथंच आहे. घरून भरून घेतलेलं दूध उन्हात थोड्याच वेळात नासतं आणि वाटेत बाटली उकळणार कुठे? मग जुलाब-उलट्या आल्याच. आईचं दूध नासत नाही, तापवावंही लागत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला तेवढंच पुरे. उकाडा असला तरी वरचं पाणी नको, जास्त वेळा पाजा. "घशाला कोरड पडेल," असं सासूबाई म्हणाल्या तरी!

त्याहून मोठ्या बाळाला उकळून गार केलेलं पाणी, घरचा मऊ भात, केळं द्या. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापानंच कालवा आणि चमच्याचमच्यानं पाजा. अंगावरचं दूध थांबवू नका. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. लसीचं कार्ड जवळ असू द्या. घाट लागतो म्हणून उलटीचं औषध मनानं देऊ नका. थांबत थांबत जा. मोटारीत पुढे मांडीवर बाळ नको, मागे त्याची खास सीट हवी.

रायगड आपल्याच तालुक्यात. दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्याच नावानं एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. पण कोकणातल्या एका स्थानकात एका बाळंतिणीला घेऊन मी गेले, तर कक्षाला कुलूप! किल्ली कुणाकडे, कुणालाच ठाऊक नाही. अशानं बाटली सुटायची कशी?

म्हणून सांगते, कक्ष बंद दिसला तर तक्रार वहीत लिहा. बचत गटानं आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा, अधूनमधून जाऊन बघावं. आणि गाडीत एखादी पोर पदराआड बाळाला घेत असेल, तर आपण थोरल्या बायकांनी शेजारी आडोसा करून बसावं. आजच्या आईला कडा उतरायचा नाही. तिच्यासाठी कुलूप तेवढं उघडायला हवं.