रानद्राक्षे आणि चंद्रकोर

मुलाकडे वा लेकीकडे अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांना ऑगस्टअखेरीपासून फिरायच्या वाटेवर, ओढ्याकाठी, कुंपणांवर बारीक, काळ्या-जांभळ्या द्राक्षांचे घोस दिसू लागतात. देशाच्या पूर्व व मध्य भागांत ही रानद्राक्षे विपुल असून खाण्याजोगी आहेत. आंबटपणामुळे त्यांचा जॅम उत्तम होतो. मात्र त्याच झाडोऱ्यात ‘मूनसीड’ ही वेलही चढलेली असते. तिची फळे रंगाने, आकाराने, घोसाच्या ठेवणीनेही तशीच. पण विषारी, मुलांना तर जीवघेणीही ठरू शकणारी. आपल्या गुळवेलीच्याच कुळातली ही वेल. तेवढ्यावरून तिला औषधी समजू नये.

खात्रीची खूण फळाच्या पोटात आहे. प्रत्येक घोसातील दोन-तीन फळे सुरीने चिरून पाहावीत, दातांनी नव्हे. द्राक्षात बहुधा २ ते ४ बिया, एका टोकाला निमुळत्या असतात. मूनसीडमध्ये एकच चपटी बी, चंद्रकोरीसारखी वळलेली. नावही त्यावरूनच पडले. मग वेल न्याहाळावी. द्राक्षाच्या पानाची कड दंतुर असते आणि आधाराला विळखा घालणारे तणावे असतात. मूनसीडच्या पानाची कड गुळगुळीत, आणि तणावे मुळीच नाहीत. तिचे खोडच आधाराभोवती गुंडाळते. दोन्ही वेली एकमेकींत गुंतलेल्या असू शकतात, म्हणून एक घोस तपासून बाकीचे तोडणे धोक्याचे.

पाच पर्णिकांचे पान असलेली ‘व्हर्जिनिया क्रीपर’ आणि किरमिजी देठांचे ‘पोकवीड’ हे उभे झुडूप, यांची फळेही वर्ज्य. पाखरांनी टोचलेले फळ निर्धोक, ही समजूत येथे लागू नाही. ही फळे पाखरे खुशाल खातात.

मोतीबिंदू असलेल्यांनी पानाची कड स्वतः पारखू नये. ते काम सुनेवर किंवा मोठ्या नातवावर सोपवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना उलट्या-जुलाबांनी शोष फार लवकर पडतो, हे सोबतच्यांनी ध्यानात ठेवावे.

शंकास्पद फळ पोटात गेलेच, तर उलटी करवू नये. तोंडातील उरलेले काढून चूळ भरवावी, फळ व पान जपून ठेवावे आणि १-८००-२२२-१२२२ या विषबाधा-मदत क्रमांकावर त्वरित फोन करावा; ही सेवा अहोरात्र व विनामूल्य आहे. शुद्ध हरपली, झटके आले किंवा श्वास अडखळला, तर ९११.