पुरस्कारांचा झगमगाट आणि श्रोत्यांचा हक्क

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकासमोर 'रवींद्रालय' हे सार्वजनिक नाट्यगृह आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने ते उभारण्यात आले. त्याच्या भिंतीवर कलावंत के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ साली भाजलेल्या मातीचे एक भव्य भित्तिशिल्प घडविले. त्यासाठी त्यांनी विषय घेतला तो रवींद्रनाथांच्या 'राजा' या नाटकाचा. या नाटकातील राणी सुदर्शना राजाला केवळ अंधाऱ्या दालनात भेटते. त्याचा आवाज तिला ऐकू येतो, पण त्याचे रूप दिसत नाही. त्याला उजेडात पाहण्याचा हट्ट धरून ती वसंतोत्सवाच्या गर्दीत त्याचा शोध घेते आणि झगमगत्या वेषातील एका तोतयालाच राजा समजून बसते.

संगीताच्या पुरस्कार-सोहळ्यांचा आज जो सुकाळ झाला आहे, तो या कथेच्या प्रकाशात तपासून पाहण्यासारखा आहे. चित्रपटसंगीत असो, पॉप असो वा रॉक, सोहळ्याचा साचा एकच असतो. लाल गालिचा, त्यावरून चालणारे तारे, त्यांच्यावर रोखलेले कॅमेरे आणि कठड्यापलीकडे तासन् तास ताटकळत उभे असलेले चाहते. हे चाहते गायकाची प्रत्येक ध्वनिफीत जपून ठेवणारे असतात, वादकांची नावे त्यांना तोंडपाठ असतात. पदरचे पैसे मोडून, रात्रीच्या गाडीचा प्रवास करून ते आलेले असतात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या निष्ठेचे सोहळ्यात काय होते आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो?

तुच्छतेची चूक

या प्रश्नाचा विचार करताना पुरोगामी वर्तुळातही एक चूक वारंवार होते. रॉक म्हणजे साम्राज्यवादी संस्कृतीचा गोंगाट आणि त्यावर डोलणारा तरुण म्हणजे वाया गेलेला तरुण, असे म्हणून विषय निकालात काढला जातो. ही भूमिका वस्तुस्थितीला धरून नाही. रॉक संगीताचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आहे. गुलामगिरीचा वारसा, कापसाच्या मळ्यातील राबणूक आणि शहरांतील वस्त्यांचे दैन्य यांतून 'ब्लूज' जन्माला आले आणि त्याच्यातून रॉक. ब्रिटनमध्ये वर्णद्वेष्ट्या 'नॅशनल फ्रंट'ने डोके वर काढले, तेव्हा १९७६ साली 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून निघालेला हजारो तरुणांचा मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला, तो तेथील संगीतसभा ऐकण्यासाठीच. गिटार हातात घेतली म्हणून कोणी प्रतिगामी ठरत नाही आणि तंबोरा घेतला म्हणून कोणी क्रांतिकारक होत नाही.

श्रोत्यांच्या आवडीला तुच्छ लेखण्याचा परिणाम काय होतो, याचा धडा आपल्याच देशात मिळालेला आहे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे संगीताचे जाणकार होते. शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. परंतु चित्रपटगीते हलक्या दर्जाची म्हणून त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी यांचा आवाज घरोघर पोहोचला, गावोगावी श्रोतृसंघ निघाले, पत्रांचा पाऊस पडला. सरकारने झिडकारलेला श्रोता दात घासण्याची पेस्ट विकणाऱ्या कंपनीने अलगद उचलला. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून सरकारला आपले धोरण सुधारावे लागले. जनतेच्या आवडीशी वाद घालावा, तिला अधिक समृद्ध करावे. पण तिच्याकडे पाठ फिरवली की ती जागा व्यापारी घेतो, हा त्यातील बोध होय.

श्रोता घडतो कसा?

संगीताचा श्रोता आकाशातून पडत नाही, तो घडवावा लागतो. लखनौइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. नवाबी अमलात येथील संगीत दरबाराच्या आणि कोठ्याच्या भिंतीआड होते. ऐकण्याचा अधिकार आमंत्रिताला होता. हे कुंपण मोडण्याच्या कामी एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. पुढे दिल्ली व बनारस येथे आणि १९२४ व १९२५ साली लखनौ येथे परिषदा झाल्या. या परिषदांतून राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय निघाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला नाव मिळाले ते गव्हर्नर मॅरिस यांचे. १९६६ साली राज्य सरकारने ते ताब्यात घेतले, तेव्हा भातखंड्यांचे नाव त्याला लाभले. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. तलत महमूद आणि संगीतकार रोशन येथेच शिकले. वाजिद अली शाहच्या ज्या परीखान्यात एके काळी केवळ नवाबाच्या रंजनासाठी नृत्य-गायन चाले, तेथे पुढे शुल्क भरून कोणीही शिकू शकेल असे विद्यालय नांदू लागले.

या कार्याला मर्यादा होत्या. पिढीजात गवय्ये आणि कोठ्यावरच्या गायिका यांच्याकडून विद्या घेतली गेली. त्यांना प्रतिष्ठेचे स्थान मात्र त्या प्रमाणात मिळाले नाही. तरीही दिशा स्पष्ट होती. संगीत ही खाजगी मालमत्ता न राहता सार्वजनिक ठेवा व्हावी, ही ती दिशा. १९६३ साली स्थापन झालेली उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमी आणि चारबागचे रवींद्रालय ही त्याच वाटेवरची पुढची पावले होत. नाट्यगृह स्थानकासमोर असल्याचा अर्थही लक्षात घेतला पाहिजे. बाराबंकी वा उन्नावहून आलेला रसिक तेथे पायी पोहोचू शकतो. चारबागच्या इंजिन कारखान्यातील कामगाराला ते परके वाटण्याचे कारण नाही. जेथे मोटारीवाचून जाता येत नाही आणि निमंत्रणावाचून आत शिरता येत नाही, तेथे श्रोता घडत नाही, फक्त प्रेक्षक मोजले जातात.

बक्षीस एकाला, श्रम अनेकांचे

पुरस्कार मुळातच वाईट, असे म्हणण्याचा हेतू नाही. लखनौचेच नौशाद यांचे उदाहरण घ्यावे. मूकपटांबरोबर वाजणाऱ्या वाद्यवृंदाने भारावलेला, वाद्यांच्या दुकानात काम केलेला हा मुलगा १९३७ साली मुंबईस आला आणि दादरच्या ब्रॉडवे चित्रपटगृहासमोरच्या पदपथावर झोपला. त्याच ब्रॉडवेमध्ये पुढे 'बैजू बावरा' झळकला. मार्च १९५४ मध्ये मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार दिले गेले, तेव्हा संगीतकाराचा मान नौशाद यांना मिळाला. पुरस्कार अवघे पाच होते आणि कौल वाचकांनी दिला होता. जमीनदार आणि सावकार यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची व्यथा मांडणारा 'दो बिघा जमीन' त्याच कौलाने सर्वोत्कृष्ट ठरला होता, हे विसरता येणार नाही.

परंतु त्या पाचांत गाणाऱ्याला स्थान नव्हते आणि गीत लिहिणाऱ्यालाही नव्हते. 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायिकेला नव्हे. मग गायिकेने का गावे, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. १९५९ साली पार्श्वगायनाचा पहिला पुरस्कार त्यांनाच द्यावा लागला. त्याच वर्षी गीतकाराचा पहिला पुरस्कार मिळाला तो शैलेंद्र यांना. हे शैलेंद्र म्हणजे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात काम केलेले, 'इप्टा'चे कवी. श्रमाची दखल मागितल्याशिवाय मिळत नाही, हे संगीताच्या क्षेत्रातही खरे ठरले. गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क कायद्याने पक्का होण्यास तर २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. आणि ज्यांच्या व्हायोलिनने, ढोलकीने, ॲकॉर्डियनने ती गाणी उभी राहिली, ते वादक? सोहळ्याच्या झोतात त्यांच्यासाठी आजही अपवादानेच जागा असते.

प्रायोजकाचा हिशेब

भारतीय रॉक संगीताच्या स्पर्धा-पुरस्कारांचा इतिहास पाहिला, तर या उत्सवामागचा हात लगेच दिसतो. १९७० आणि १९७१ साली देशभरातील तरुण वाद्यवृंदांची मोठी स्पर्धा गाजली, ती 'सिमला बीट'. सिमला हे सिगारेटचे नाव होते आणि आयोजक तंबाखू कंपनी होती. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला व प्रायोजकत्वाला बंदी आली. पुढे मुंबईत रॉक संगीताचे वार्षिक पुरस्कार दिले गेले ते 'जॅक डॅनियल्स' या अमेरिकन व्हिस्कीच्या नावाने. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीस मनाई असताना मद्याचे नाव तरुणांच्या ओठी खेळविण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

परदेशातही चित्र निराळे नाही. अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा पहिला सन्मान समारंभ १९८६ साली न्यूयॉर्कच्या आलिशान हॉटेलात झाला. ज्या संगीताने रस्त्यावरच्या पोरांना आवाज दिला, त्याचा गौरव उद्योगातील बड्यांच्या मेजवानीत! सामान्य चाहत्यांना तिकीट काढून आत येण्याची मुभा मिळाली ती २००९ साली, क्लीव्हलँड येथे, आणि तीही वरच्या सज्जात.

तेव्हा चाहत्याला आत घेतले जाते ते कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. सोहळा प्रक्षेपणासाठी असतो. प्रक्षेपणाला जल्लोष हवा असतो आणि तो जल्लोष चाहता पुरवितो. पैसे तो मोजतो, टाळ्या तो वाजवितो, आणि त्याचा हा उत्साह कंपन्यांना जाहिरातीचा माल म्हणून विकला जातो. त्याला गाणे तरी पुरे ऐकायला मिळते काय? तुकड्या-तुकड्यांत, जाहिरातींच्या फटींत जे उरेल तेवढेच. अंधाऱ्या दालनात ज्याचा स्वर ऐकला, तो राजा येथे नसतोच. येथे असतो त्याचा वेष.

राज्य सरकारेही आता या मांडवाचे यजमानपद घेण्यासाठी पुढे सरसावली आहेत. २०२४ साली फिल्मफेअर सोहळा गुजरात पर्यटन खात्याच्या सहयोगाने गांधीनगरात झाला. २०२५ साली 'आयफा' जयपूरला राजस्थान सरकारच्या सहकार्याने भरला. दुसरीकडे मुंबईच्या धोबी तलाव भागातील सरकारी मालकीच्या रंगभवनाची स्थिती पाहावी. १९७८ चा पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव आणि १९८६ पासूनचा 'इंडिपेंडन्स रॉक' तेथेच झाले. महाविद्यालयीन मुलांना परवडेल असे ते खुले रंगपीठ होते. परिसर शांतता क्षेत्रात मोडतो म्हणून तेथील मैफली बंद पडल्या. रुग्णालयांची शांतता जपलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या तरुणांना तोडीस तोड दुसरी जागा देण्याची निकड सरकारला वाटली नाही, आणि त्यांना खाजगी बंदिस्त कार्यक्रमांच्या महागड्या तिकिटांकडे ढकलले गेले.

म्हणूनच मागणी पुरस्कार बंद करण्याची नसून श्रोत्याला त्याचे स्थान परत देण्याची आहे. सार्वजनिक पैसा सोहळ्याच्या गालिच्यावर न उधळता नाट्यगृहांची डागडुजी, परवडणारे तिकीट आणि तालमीच्या जागा यांवर खर्च झाला पाहिजे. सरकारी साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक समारंभात काही जागा सामान्य रसिकांसाठी राखून ठेवल्या पाहिजेत आणि वादकांच्या, तंत्रज्ञांच्या श्रमाची नावानिशी नोंद झाली पाहिजे. कामगार संघटना, विद्यार्थी संघटना आणि कलापथके यांनी रॉक ऐकणाऱ्या तरुणाला हिणविण्याऐवजी त्याच्यासाठी आपली सभागृहे उघडली पाहिजेत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे गाणे ऐकायला मुंबईचा गिरणी कामगार मैदानात मातीवर बसत असे. तेथे कठडा नव्हता, आणि गाणारा व ऐकणारा एकमेकांना ओळखत होते. ती ओळख पुन्हा जोडून देणे, हे आजच्या सांस्कृतिक आघाडीचे काम आहे.