पांढऱ्या भुकटीचे सामान्यज्ञान

गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले रायगड जिल्ह्यातील शहर कोणते? पेण. आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव? गागोदे, तालुका पेण. मुंबई-गोवा महामार्गावर अलिबागचा रस्ता कोठे फुटतो? वडखळला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असे एकेका ओळीचे प्रश्न असतात आणि आपल्या मुलांना त्यांची उत्तरे घडाघडा येतात. पण याच मुलांना एक पुढचा प्रश्न विचारून पाहा. वडखळ, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत रोज पोत्यापोत्यांनी जी पांढरी भुकटी कालवली जाते, ती नेमकी काय आहे? पाण्यात कालवल्यावर ती गरम का होते? आणि मूर्ती पाण्यात सोडल्यावर तिचे काय होते? इथे बहुतेक जण गप्प होतात. ज्याच्या घराच्या पडवीतच ती पोती रचलेली आहेत, तो मुलगाही गप्प होतो.

सामान्यज्ञान म्हणजे सुट्या माहितीची थैली नव्हे. निसर्ग, विज्ञान, देशोदेशीचा इतिहास, कला आणि श्रद्धा यांचे धागे हातातल्या एका वस्तूपाशी कसे येऊन मिळतात, हे ओळखणे म्हणजे सामान्यज्ञान. वडखळच्या परिसरात ती वस्तू म्हणजे गणेशमूर्ती. आणि हे धागे माहीत नसण्याची किंमत परीक्षेत एक गुण जाण्याइतकी किरकोळ नाही. ती माणसाच्या कातडीला, फुप्फुसाला आणि गावच्या तळ्याला मोजावी लागते.

प्रथम निसर्ग. या भुकटीचे मूळ जिप्सम नावाच्या मऊ खनिजात आहे. भारतात ते प्रामुख्याने राजस्थानात सापडते. रसायनशास्त्राच्या भाषेत ते कॅल्शियम सल्फेट. मात्र त्याच्या स्फटिकांत पाण्याचे रेणू अडकून बसलेले असतात. दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास ते भाजले की त्यातले सुमारे पाऊण पाणी उडून जाते आणि मागे भुकटी उरते. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या परिसरात जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून या भुकटीला ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हे नाव पडले. अर्थात वस्तू त्या नावाहून कितीतरी जुनी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या पिरॅमिडांच्या बांधकामातही जिप्समचा गिलावा वापरला गेला होता.

या भुकटीत पाणी घातले की ती आपले गमावलेले पाणी पुन्हा धरून ठेवते. सुईसारखे स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात आणि दहा-वीस मिनिटांत लगदा दगडासारखा घट्ट होतो. शाडूची माती अशी घट्ट होत नाही. तिच्यातले पाणी फक्त हवेत उडून जाते, त्यामुळे ती सावकाश वाळते, आकसते, घाई केली तर तडकते. कोकणच्या पावसाळी हवेत शाडूची मूर्ती वाळायला किती दिवस लागतात, हे कारागिराला विचारा. शिवाय शाडू जड आणि ठिसूळ. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ, काथ्याने मजबूत केलेली, हलकी आणि टेम्पोतून शेकडो मैल न फुटता जाणारी. मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेली मागणी पुरी करायची, तर कारागीर या भुकटीकडे का वळला हे समजण्यासारखे आहे. त्याला खलनायक ठरवून काहीच साधणार नाही.

आता या कहाणीतला आपल्या स्तंभाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धागा. हाड मोडले की डॉक्टर ‘प्लास्टर’ घालतात. ते हेच. अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५२ साली प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास निकोलाय पिरोगोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) असंख्य जखमी सैनिकांसाठी प्लास्टर वापरले. ज्या जखमींचे हातपाय पूर्वी कापून टाकले जात, त्यांतल्या अनेकांचे वाचले. ही कल्पना पिरोगोव्हला कोठे सुचली? एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत. कापडावर पडलेले प्लास्टर कसे घट्ट होते, हे त्याने तिथे पाहिले होते. म्हणजे वैद्यकाने ही विद्या मूर्तिकाराकडून घेतली. आज प्रश्न असा आहे, की वैद्यकाने त्या ऋणाची परतफेड केली का?

मूर्तिकाराच्या आरोग्याकडे पाहिले तर ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते.

प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते. हाताला प्लास्टर घालताना डॉक्टर “थोडे गरम लागेल” असे सांगतात ते याचमुळे. पट्टी पातळ असते, म्हणून ती उष्णता निघून जाते. पण बादलीभर घट्ट लगद्यात ती कोंडते आणि तापमान साठ अंशांपर्यंत चढू शकते. तेवढ्या उष्णतेने कातडी काही सेकंदांत भाजते. २००७ साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला आपल्या हातांचा साचा काढण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडवले. प्लास्टर घट्ट झाले, हात बाहेर निघेनात आणि भाजल्यामुळे तिला आपली बहुतेक बोटे गमवावी लागली. शाळा प्रगत देशातली होती, वस्तू नेहमीच्या वापरातली होती. नव्हते ते फक्त हे एवढेसे ज्ञान. आपल्याकडे घरोघरी कारखाने आहेत आणि सुट्टीत मुले हौसेने हाताशी येतात. त्यांना हे कोणी सांगितले आहे?

दुसरा धोका धुळीचा. मूर्ती साच्यातून निघाल्यावर तिचे सांधे आणि खडबडीत भाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात. या कामात उडणारी प्लास्टरची धूळ डोळे, नाक, घसा यांना त्रास देते आणि दमेकऱ्याचा दमा वाढवते. शाडू नैसर्गिक आहे म्हणून तिची धूळ निरुपद्रवी, असेही समजू नये. मातीत स्फटिकरूप सिलिका असू शकते आणि तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जात राहिली तर सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. तो टाळावाच लागतो. म्हणजे शाडू की प्लास्टर, हा वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी कारागिराच्या छातीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

तिसरा धोका रंगांचा. पूर्वापार वापरातला शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे. झगझगीत पिवळ्या-नारिंगी रंगांतही शिसे आणि क्रोमियम असू शकते. मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त पडला तरी तो महागच. ज्या खोलीत कॉम्प्रेसरने फवारणी चालते, तिथेच मूल झोपवणे किंवा तिथेच जेवायला बसणे हे तर टाळायलाच हवे.

आता पाण्याचा प्रश्न. प्लास्टर पाण्यात अजिबात विरघळत नाही, असा समज आहे. ते विरघळते, पण फार थोडे: एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर दोन हजारांहून अधिक लिटर पाणी हवे, आणि तेही रंगाचा थर सुटल्यावर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मुळातच पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते; त्यामुळे भरती-ओहोटीच्या धरमतर खाडीत आणि गावातल्या बंदिस्त तळ्यात एकच गोष्ट घडत नाही. तळ्यात पाण्याचा कठीणपणा वाढतो, तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात आणि मूर्तींचे ढिगारे तसेच पडून राहतात. रंगांतले जड धातू मात्र तळे असो वा खाडी, दोन्हीकडे घातकच. शाडूही पाण्यात विरघळत नाही. ती विखुरते आणि गाळ होऊन बसते. लहान तळ्यात शेकडो मूर्ती सोडल्या तर तोही भार होतोच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या विषयावर बरीच सुनावणी झाली. मूर्ती घडवण्यास मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन नको आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदांतच विसर्जित कराव्यात, असा मार्ग त्या वर्षीच्या उत्सवासाठी निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्याआधीच एक उपाय दाखवून दिला होता. बेकरीत बिस्किटे फुगवण्यासाठी वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवली, तर तिचे रूपांतर खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये आणि अमोनियम सल्फेट या खतात होते. या द्रावणाला अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावे, एवढे पथ्य पाळायचे.

यात श्रद्धेला धक्का बसतो का? आपल्या परंपरेतच याचे उत्तर आहे. घरच्या गणपतीला आपण ‘पार्थिव’ म्हणतो. पृथ्वीपासून झालेला, तो पार्थिव. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली की ते निरोप घेते. मग जे उरते ते मातीचे मातीला परत द्यायचे असते. पदार्थ कोठून आला आणि कोठे गेला पाहिजे, याचे इतके नेमके भान ज्या विधीत आहे, त्याचे विज्ञानाशी भांडण असण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली उत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते लोकांना एकत्र आणून शहाणे करण्यासाठी. तो हेतू आजही जुना झालेला नाही.

म्हणूनच काही साध्या अपेक्षा. हंगाम सुरू होण्यापूर्वी मूर्तिकारांच्या गावांत आरोग्य शिबिरे व्हावीत आणि त्यांत छातीची तपासणी असावी. घासकाम शक्य तिथे ओल्या कापडाने करावे; कोरडे करायचे तर नाकातोंडावर नीट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा, तोंडाला गुंडाळलेला रुमाल पुरत नाही. ओल्या प्लास्टरच्या बादलीत कोणीही हात रुतवून ठेवू नये आणि मुलांना तर तिच्याजवळ एकटे सोडू नये. काम संपल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच घरातल्या लहानग्यांना उचलून घ्यावे. ग्राहकांनीही मूर्तीची उंची आणि झगमगाट विचारण्याआधी रंग कोणता वापरला हे विचारावे. मागणी बदलली की कारखाना बदलतो.

आणि शाळांसाठी एक सूचना. वडखळ परिसरातल्या प्रत्येक शाळेत विज्ञानाच्या एका तासाला शिक्षकांनी कागदी पेल्यात मूठभर प्लास्टर कालवावे, त्यात तापमापक उभा करावा आणि चढणारा पारा मुलांना मिनिटामिनिटाला नोंदवायला सांगावा. तापमापक प्लास्टरमध्ये पक्का बसू नये म्हणून त्याला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. खर्च काही रुपयांचा. पण त्या दिवशी घरी गेलेला एखादा मुलगा पडवीतल्या बादलीपासून आपल्या धाकट्या बहिणीला मागे ओढेल. आपल्याला हवे आहे ते सामान्यज्ञान हेच.