हात आखडता घेऊ नका

मराठी माणसाच्या मते थंडी शरीरात फक्त दोनच भोकांतून शिरते, आणि ती दोन्ही भोकं म्हणजे कान. कान एकदा बांधले की माणूस हिमालयात जायला मोकळा. नोव्हेंबर उजाडला की ट्रंकांतून मफलर, कानटोप्या, माकडटोप्या बाहेर निघतात. आई ओरडते, "कान बांध रे!" बायको ओरडते, "अहो, कान!" पण गाडीला किक मारणाऱ्या नवऱ्याला "अहो, हात!" असं कुणा बायकोनं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निदान थंडीच्या संदर्भात तरी नाही.

या कर्णपंथाविरुद्ध माझी जाहीर तक्रार आहे. मोटारसायकलवर कान करतो काय हो? ब्रेक दाबतो? क्लच सोडतो? तो दोन बाजूंना दोन पाहुण्यांसारखा बसून असतो, आणि सगळी सरबराई त्याचीच. बरं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं डोक्यावर हेल्मेट आलं, त्यात कानांची सोय सरकारनंच लावून दिली. पायांत बूट आहेत, अंगात स्वेटर आहे. उरले कोण? तर गाडी चालवणारे हात! हे म्हणजे वऱ्हाडातल्या सगळ्यांना आहेर आणि नवरदेव उघडा, असं झालं.

मी नाशिकचा. बँकेची शाखा निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा थंडीचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचून तुम्ही पांघरूण ओढून घेता ना, तेच निफाड. तरीही मुंबईचे पाहुणे म्हणतात, "दहा अंश म्हणजे काय थंडी झाली? दिल्लीला जाऊन बघा!" अशा लोकांना माझं नम्र उत्तर असं, की थंडी थर्मामीटरमध्ये नसते, स्पीडोमीटरमध्ये असते.

हे मी मनचं सांगत नाही. सायपल आणि पॅसल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकात जाऊन, नळकांड्यात पाणी भरून, ते वाऱ्यात किती वेळात गोठतं याची मोजदाद केली आणि १९४५ साली ती छापली. पुढं २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी वाऱ्याच्या गारठ्याचं नवं सूत्र बसवलं. मी पडलो कॉमर्सचा. सूत्र दिसलं की आकडे घातल्याशिवाय राहवत नाही. दहा अंश तपमान आणि ताशी पन्नास किलोमीटर वारा घातला, तर उत्तर आलं साडेपाच अंश! सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे हे मान्य. पण हाताचं कातडं काही वेगळ्या ठाणातून फाडलेलं नसतं. म्हणजे निफाडात दहा अंश आणि आमच्या मुठीवर साडेपाच. मधल्या साडेचार अंशांचं व्याज आपण स्वतःच्या हातानं मूठ पिळून लावून घेतो.

आता शरीराचा कारभार बघा. तो अगदी बँकेसारखा चालतो. थंडी वाढली, की हेडऑफिस घाबरतं. हृदय, फुप्फुसं, यकृत ही बडी मंडळी आधी सांभाळायची म्हणून दूरच्या शाखांना पुरवठा कमी केला जातो. बोटं म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाखा. तिकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त माघारी बोलावलं जातं, आणि दहा शाखांच्या दारावर पाटी लागते : 'व्यवहार तात्पुरते बंद'. म्हणूनच छातीवर वारा अडवणारं जाकीट असलं, तर त्याचा फायदा बोटांपर्यंत पोचतो. हेडऑफिस निश्चिंत असेल तरच ते शाखांना काही देतं. हा अनुभव मला वेगळ्या संदर्भातही आहे.

तुम्ही म्हणाल, बोटं बधिर झाली तर झाली, पोचल्यावर चहाच्या ग्लासाला धरली की येतील ताळ्यावर. येतील. काउंटरवर मी रोज बघतो. दुचाकीवरून गारठून आलेल्या खातेदाराची सही जुळत नाही, अंगठ्याचं मशीन त्याचा अंगठा ओळखत नाही. त्याला मी बाकावर बसवतो, दहा मिनिटांत माणूस पुन्हा स्वतःसारखी सही करू लागतो. पण रस्ता दहा मिनिटं थांबत नाही. ताशी पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद जास्त लावला, तर गाडी सात मीटर पुढं जाते. पहाटेच्या धुक्यात लासलगावला कांदा घेऊन निघालेली, मागचा दिवा नसलेली ट्रॉली त्या सात मीटरांतच उभी असते.

आणि ब्रेक कुठं असतो? मोटारसायकलचा पुढचा, म्हणजे खरा थांबवणारा ब्रेक उजव्या हातात. जुन्या गिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक निदान पायाशी होता. आताच्या बिनगिअरच्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातातच! १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण चाक अडकू नये हे यंत्र बघतं. ब्रेक दाबायचा बोटानंच. कंपन्या मोबाईल चार्ज करायला जागा देतात, काट्यांच्या जागी नकाशे दाखवतात. गरम होणाऱ्या मुठी मात्र महागड्या गाड्यांच्या वाट्याला. फोनला चार्जिंग आहे, हाताला नाही.

"मग हातमोजे घाला की!" घालतो. पण कोणते? बाजारातले लोकरी मोजे विणलेले असतात, म्हणजे मुळात ती अनेक भोकांची सुबक मांडणी असते. वारा त्यातून बिनतिकिटाचा जातो. अर्ध्या बोटांचे मोजे घालणारे तरुण तर मला थोर वाटतात. जे गारठतं नेमकं तेच उघडं! घट्ट चामडी मोजे रक्ताचा उरलासुरला पुरवठाही दाबतात. शहाणा मोजा म्हणजे आत पातळ, वर वारा अडवणारा, आणि दोन्ही मिळून सैल.

पण खरा इलाज आमच्या दूधवाल्या मामांकडं आहे. हँडलच्या दोन्ही मुठींवर त्यांनी रेक्झिनच्या, आतून घोंगडीचं अस्तर लावलेल्या पिशव्या बसवल्यात. हात आत घालायचे, की वारा बाहेर. मी चौकशी केली तेव्हा म्हणाले, "भाऊ, गारठ्याला काय कळतं, कोण दूधवाला नि कोण साहेब?" एवढीच काळजी घ्यायची, की पिशवी ताठ असावी, वाऱ्यानं दबून लीव्हरवर टेकू नये, आणि हात झटकन बाहेर निघावा. गाडी सुरू करण्यापूर्वी दोन्ही लीव्हर दाबून बघायचे. झालं!

हे मी शाखेत सांगितलं, तर आमचे हेडकॅशिअर म्हणाले, "छे हो! दूधवाल्यासारखं दिसतं ते!" मंडळी, थंडीपेक्षा आपल्याला आखडून टाकतं ते हे 'दिसणं'! पाऊण लाखाची गाडी हप्त्यानं घ्यायची आणि दोनेकशे रुपयांची पिशवी लावायला लाजायचं. आमच्या निफाडचा द्राक्षवाला गारठ्यात मणी तडकू नये म्हणून रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतो, काही जण तर घडांना कागद गुंडाळतात. आणि तोच पहाटे उघड्या हातांनी गाडीवर बसतो! मण्याची किंमत त्याला कळते. बोटांना बाजारभाव नाही, एवढाच बोटांचा गुन्हा.

तेव्हा या हिवाळ्यात हातांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. तुमच्या पिशव्या बघून कुणी हसलाच, तर वाद घालू नका. तो उघड्या हातांनी अर्धा तास गाडी चालवून आला असेल, तेव्हा त्याला फक्त एवढंच म्हणा, "जरा शर्टाचं वरचं बटण लावून दाखवा." लागलं, तर माझा हा लेख खुशाल रद्दीत घाला. नाही लागलं, तर त्याला हळूच विचारा : ज्या बोटांना गळ्याशी असलेलं बटण सापडत नाही, त्यांना ऐन वेळी ब्रेक कुठून सापडणार?